वजन जास्त आणि टीएसएच वर: पहिल्या रिपोर्टनंतर काय करायचं आणि कुठे फसायचं नाही

रिपोर्टात टीएसएचच्या (थायरॉईड ग्रंथीला काम करायला सांगणाऱ्या हार्मोनच्या) आकड्यापुढे वर जाणारा बाण छापलेला दिसला की जाड माणसाच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक भीती, ती सगळ्यांनाच असते. दुसरी कोणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे हुश्श. सापडला एकदाचा चोर, इतकी वर्षं 'तोंडावर ताबा नाही' म्हणून ऐकून घेतलं आणि दोष होता गळ्यातल्या ग्रंथीचा. मलाही तसंच वाटलं होतं, आणि नंतर टेस्ट, गोळ्या, डॉक्टर, परत टेस्ट असं सगळं करता करता जे कळत गेलं ते इथे क्रमाने लिहितेय, कारण या विषयावर अर्धवट सल्ले देणारे पायलीला पन्नास भेटतात. मी डॉक्टर नाहीये. डोस ठरवणं, बदलणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांचंच काम, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचंय ते माहीत असलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

१. आधी कोणामुळे कोण ते बघा

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, त्यामुळे इथे जरा थांबून वाचा.

आपण धरून चालतो की थायरॉईड बिघडला म्हणून वजन वाढलं. पण उलटंही होतं, आणि बऱ्याचदा उलटंच झालेलं असतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, आणि हे लेप्टिन मेंदूपर्यंत जाऊन थायरॉईडच्या यंत्रणेला जरा जोरात चालायला लावतं असं मानतात, मग मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच थोडा जास्त सोडते. थायरॉईड धडधाकट, त्याचं मुख्य हार्मोन टी-फोर व्यवस्थित, फक्त वरून येणारा हुकूम थोडा मोठ्या आवाजातला. वजन उतरलं की हा टीएसएच बऱ्याच जणांचा गोळीशिवाय खाली येतो, बॅरिएट्रिक सर्जरी (वजन उतरवायचं ऑपरेशन) झालेल्यांमध्ये तर हे नेहमी दिसतं.

आता दुसरी बाजू. खरोखरच थायरॉईड मंदावला तर वजन वाढतंच, पण किती? अमेरिकन थायरॉईड असोसिएशन म्हणते की साधारण ५ ते १० पौंड, म्हणजे सव्वादोन ते साडेचार किलो, तेही दुखणं किती जोरात आहे त्यावर, आणि त्यातला बराचसा भाग चरबी नसून अंगात साठलेलं मीठ आणि पाणी असतं. म्हणजे तीस किलो जास्त असतील तर त्या तीसचा हिशोब एकट्या थायरॉईडच्या नावावर टाकता येत नाही. हे ऐकायला कडू आहे, माहितेय मला. पण हे एकदा डोक्यात बसलं की पुढची फसवणूक बरीचशी टळते, कारण सगळा धंदा याच गैरसमजावर चालतो.

याचा अर्थ थायरॉईड तपासायचाच नाही असा घेऊ नका हं. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोक्रायनॉलॉजीने २०२० साली लठ्ठपणातल्या हार्मोन तपासण्यांबद्दल गाइडलाइन काढल्या, त्यात लठ्ठपणा असलेल्या प्रत्येकाचा थायरॉईड तपासा असं स्पष्ट म्हटलंय. दोन्ही दुखणी एकाच माणसात असू शकतात आणि असतातही. फक्त दोघांचे उपचार वेगळे आहेत, एकाच्या गोळीने दुसरं जात नाही.

२. लक्षणं लिहा, वजन सोडून

दमायला होतं, झोप येते, सांधे दुखतात, पाळी अनियमित आहे, कशात उत्साह नाही. ही यादी थायरॉईडची पण आहे आणि लठ्ठपणाची पण, म्हणून हिच्यावरून काहीच ठरत नाही. ज्यावरून थोडाफार फरक कळतो त्या गोष्टी लिहून काढा: सगळे पंखा लावून बसलेले असताना तुम्हालाच थंडी वाजते का (वजन जास्त असलं की सहसा उकडतं, त्यामुळे एकदम थंडी सहन होईनाशी झाली तर ते नोंदवण्यासारखं आहे), आवाज घोगरा झालाय का, सकाळी डोळ्यांभोवती सूज असते का, बद्धकोष्ठता नवीन आहे का, नाडी संथ झालीये का, पाळीत रक्तस्राव वाढलाय का, त्वचा आणि केस कोरडे झालेत का. घरात आई, बहीण, मावशी कोणाला थायरॉईड आहे का हे पण लिहा, ते डॉक्टर हमखास विचारतात.

गळा बघायची एक सोपी पद्धत. आरशासमोर उभं राहा, हनुवटी थोडी वर करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठाच्या खालचा भाग बघा. थायरॉईडची गाठ किंवा सूज असेल तर ती गिळताना वर सरकते आणि परत खाली येते, चरबीचा थर असा सरकत नाही. अर्थात मान जाड असेल तर आतली सूज आरशात दिसणारही नाही, डॉक्टरांनाही हाताला नीट लागत नाही, तेव्हा काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका आणि काही दिसलं म्हणून घाबरू नका, नुसतं सांगा.

मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखी जाड झालेली त्वचा असेल तर ती मळ नाही आणि थायरॉईडही नाही. ती बहुतेक वेळा इन्सुलिन रेझिस्टन्सची (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याची) खूण असते, तिथे साखर तपासायची. तसंच रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून जाग येणं, दिवसा पेंग येणं हे असेल तर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मध्येमध्ये थांबणं) असू शकतो. माझ्या मते वजन जास्त असलेल्यांमध्ये थकव्याचं हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, कारण टीएसएच जरासा वर दिसला की सगळा थकवा त्याच्याच खात्यात जमा होतो आणि झोपेबद्दल कोणी विचारतच नाही.

३. कोणत्या टेस्ट करायच्या, कोणत्या सोडायच्या

पहिली फक्त टीएसएच. तो वर आला तर फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं टी-फोर) आणि अँटी-टीपीओ अँटीबॉडी. झालं. एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं.

अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटलीये, यालाच हाशिमोटो म्हणतात (जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णन केलं म्हणून). अशा वेळी टीएसएच नुसता वजनामुळे वाढला असण्याची शक्यता कमी होते आणि ग्रंथी पुढे आणखी मंदावू शकते, म्हणून नियमित टेस्ट लागते.

टी-थ्री (थायरॉईडचं दुसरं हार्मोन), रिव्हर्स टी-थ्री, 'संपूर्ण थायरॉईड प्रोफाइल प्लस' असलं काही पॅकेज दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारा. थायरॉईड मंदावलाय का हे बघायला टी-थ्रीचा उपयोग कमी, तो शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकतो. आणि कडक डाएट किंवा उपास चालू असतील तर टी-थ्री तसाच खाली जातो, शरीर खर्च कमी करतंय म्हणून, तो आजार नाही. सोनोग्राफी पण सरसकट नको. खूप लठ्ठपणात अँटीबॉडी नसतानासुद्धा ग्रंथी सोनोग्राफीत गडद दिसू शकते, आणि त्या 'बदल दिसतात' अशा एका ओळीवरून माणूस महिनाभर झोपत नाही. हाताला गाठ लागली, गिळायला त्रास होतोय, असं काही असेल तर ती करायचीच, तो प्रश्न वेगळा.

४. रक्त द्यायच्या आधी

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेताय? मग आधी हे वाचा. बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त येतो, म्हणजे मंद थायरॉईडचा माणूस कागदावर नॉर्मल नाहीतर चक्क उलट्या आजाराचा दिसतो. टेस्टच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते लॅबला किंवा डॉक्टरांना विचारा. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात बायोटिन लिहिलेलं असतं, ते पण बघा.

उपाशीपोटीच जायला हवं असं नाही, पण वेळ सारखी ठेवा. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी कमी. मागची टेस्ट सकाळी आठला आणि यावेळची दुपारी तीनला केली तर दोन आकड्यांची तुलना करून काही अर्थ निघत नाही. शक्यतो लॅब पण तीच ठेवा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर रक्त देऊन मग गोळी घ्या, कारण गोळीनंतर काही तास टी-फोर चढलेला असतो. आणि ताप, इन्फेक्शन, हॉस्पिटलात ॲडमिट असणं अशा काळात केलेली थायरॉईड टेस्ट गोंधळ घालते, अगदी निकड नसेल तर बरं झाल्यावर करा.

५. रिपोर्ट कसा वाचायचा

टीएसएचची रेंज बऱ्याच लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, आपल्या रिपोर्टावर छापलेली असते तीच धरायची. जाड लोकांसाठी वेगळी रेंज नाही.

टीएसएच वर आणि फ्री टी-फोर खाली, हा सरळ हायपोथायरॉईड, म्हणजे मंदावलेला थायरॉईड. अँटीबॉडी असो नसो, गोळी लागते, इथे चालढकल नको.

टीएसएच वर पण टी-फोर नॉर्मल, याला सबक्लिनिकल म्हणतात, आणि आपल्यातले बहुतेक जण अडकतात ते इथेच. आकडा १० च्या वर असेल तर डॉक्टर बहुधा गोळीचा विचार करतात. ४ ते १० च्या मध्ये असेल तर लगेच गोळी घेण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी परत टेस्ट करणं हा साधारण शिरस्ता आहे, कारण बऱ्याच जणांचा आकडा आपोआप नॉर्मलला येतो. वय, अँटीबॉडी, लक्षणं, हृदयाचं दुखणं, गरोदरपणाचा विचार, या सगळ्यावर पुढचं ठरतं. उतारवयात टीएसएच जरा वर असणं नैसर्गिक असतं. वर ज्या २०२० च्या गाइडलाइन सांगितल्या त्यात एक वाक्य सरळ आहे: टी-फोर नॉर्मल असताना निव्वळ वजन उतरवायला म्हणून थायरॉईडची गोळी देऊ नका. मला एका ठिकाणी पहिल्याच भेटीत, टी-फोर न बघता, 'घ्या, वजन पण उतरेल' म्हणून गोळी लिहून दिली होती. असं झालं तर दुसरं मत घ्या, लाजू नका.

टीएसएच नॉर्मल किंवा कमी आणि टी-फोर पण कमी असेल तर गडबड पिट्युटरीत असू शकते. हे क्वचितच होतं पण ते एंडोक्रायनॉलॉजिस्टनेच, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरनेच बघायचं. आणि टीएसएच खूप खाली, टी-फोर वर, म्हणजे थायरॉईड जास्त धावतोय. 'मी तर जाड आहे, मला हायपर कसा असेल' असं म्हणू नका, भूक इतकी वाढते की काही जणांचं वजन त्यातही वाढतं. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम ही लक्षणं बघा.

६. डॉक्टरांकडे जाताना फाइलमध्ये काय हवं

- थायरॉईडचे जुने सगळे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले. एकच ताजा रिपोर्ट घेऊन गेलात तर टीएसएच चढतोय की उतरतोय ते कळत नाही.
- कोलेस्टेरॉल, साखर आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट. मंद थायरॉईडने कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायच्या आधी थायरॉईड बघितलाय ना ते विचारा.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, शक्यतो पाकिटांचे फोटो. लिथियम आणि अमिओडॅरोन थायरॉईड बिघडवू शकतात. स्टेरॉइड, मानसिक आजाराची आणि फिटची काही औषधं, इन्सुलिन यांनी वजन वाढतं. दुकानातून स्वतः आणलेली सप्लिमेंट, पावडरी, काढे हे पण लिहा, 'ते काय औषध आहे का' म्हणून वगळू नका.
- वजनाची नोंद, निदान एक वर्षाची, आणि कधी एकदम वाढलं त्या सुमारास काय घडलं होतं: बाळंतपण, नोकरी बदलली, स्टेरॉइड सुरू झालं, सिगारेट सोडली.
- लक्षणांचा कागद.

पोटावर जांभळे रुंद पट्टे, जराशा धक्क्याने काळंनिळं होणं, मांड्यांतली ताकद जाऊन खुर्चीतून उठायला त्रास, असं काही असेल तर ते आवर्जून सांगा. ते थायरॉईडचं नाही, कुशिंग नावाच्या दुसऱ्या हार्मोनच्या दुखण्याचं असू शकतं.

७. गोळी सुरू झाली तर

लेव्होथायरॉक्सिन (हीच थायरॉईडची गोळी) उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहा नाही, कॉफी तर नाहीच, तिने शोषण कमी होतं. सकाळी हे जमत नसेल तर रात्री झोपताना घेता येते, शेवटच्या जेवणाला तीन तास झालेले हवेत. दोन्हीपैकी एक वेळ ठरवा आणि तीच पाळा.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या हिच्यापासून चार तास लांब. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी आणि सोयाच्या पदार्थांनीही शोषणावर परिणाम होतो, म्हणून त्या नवीन सुरू केल्यात किंवा बंद केल्यात तर डॉक्टरांना कळवा.

डोसबद्दल एक गोष्ट जी वजन जास्त असलेल्यांनी जरूर माहीत करून घ्यावी. ग्रंथी पूर्ण बंद असेल तर मोठ्या माणसाचा डोस साधारण दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ११० किलोला हे गणित १७६ मायक्रोग्रॅमवर जातं. पण या हार्मोनची गरज चरबीपेक्षा स्नायू वगैरे बिनचरबीच्या भागावर जास्त अवलंबून असते, त्यामुळे काट्यावरच्या पूर्ण वजनाने गुणलं तर आपल्याला डोस जास्त पडू शकतो. शिवाय ग्रंथी थोडीफार चालू असेल तर एवढा लागतही नाही, आणि वय जास्त किंवा हृदयाचं दुखणं असेल तर कमीपासूनच सुरुवात करतात. म्हणून 'हा डोस कसा काढला' हे शांतपणे विचारायला हरकत नाही.

औषध रक्तात निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, म्हणून नवीन डोसचा खरा परिणाम ६ ते ८ आठवड्यांनी दिसतो, टेस्ट तेव्हा करायची. पंधरा दिवसांत परत रक्त देऊन डोस बदलून घेणं म्हणजे पैसेही गेले आणि गोंधळही वाढला. गोळीची कंपनी बदलली तरी ६ ते ८ आठवड्यांनी एकदा बघून घ्या. गोळी चालू असताना पाळी चुकली आणि गरोदर असाल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा, कारण सुरुवातीच्या आठवड्यांतच गरज वाढते.

आणि काटा? पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरून दोन-तीन किलो कमी होऊ शकतात, मग थांबतात. तिथे 'गोळी काम करत नाही' असं म्हणून निराश होऊ नका. तिचं काम टीएसएच जागेवर आणायचं होतं, ते झालंय. उरलेल्या वजनासाठी आहार, हालचाल, झोप, आणि लागलं तर वजनाची औषधं किंवा सर्जरी, हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याबद्दल वेगळं बोलायला हवं.

८. वजन उतरायला लागल्यावर

इथे बरेच जण विसरतात. वजन बऱ्यापैकी उतरलं तर थायरॉईडचा डोस तोच ठेवून चालत नाही, टेस्ट परत करायची, कारण जुना डोस आता जास्त ठरू शकतो. धडधड, चिडचिड, झोप न लागणं हे 'डाएटमुळे होतंय' म्हणून सोडून देऊ नका.

सेमाग्लुटाइड या वजनाच्या आणि मधुमेहाच्या औषधाची तोंडाने घ्यायची गोळी सुरू होत असेल तर वेळेचा घोळ होतो, कारण तीही उपाशीपोटी, अगदी थोड्या पाण्याबरोबर आणि बाकी गोळ्यांच्या आधी घ्यायची असते. शिवाय तिच्यासोबत घेतल्यावर रक्तातलं थायरॉक्सिन (म्हणजे टी-फोर) ३३ टक्क्यांनी जास्त भरलं असं तिच्या माहितीपत्रकातच दिलंय. थायरॉईडची गोळी रात्रीला न्यायची का ते डॉक्टरांना विचारा आणि टेस्ट कधी करायची ते पण. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड या औषधांवर थायरॉईड कॅन्सरचा इशारा असतो तो वाचून हाशिमोटोवाले घाबरतात. तो मेड्युलरी नावाच्या एका विरळ कॅन्सरबद्दल आणि एमईएन-टू या आनुवंशिक दुखण्याबद्दल आहे, तसं तुम्हाला किंवा घरात कोणाला झालं असेल तर ही औषधं घेत नाहीत. साध्या हायपोथायरॉईडला ती मनाई नाही.

बॅरिएट्रिक सर्जरीनंतर बहुतेकांची गरज कमी होते, पण पोटाच्या बायपासमध्ये शोषण घटून काहींची वाढते पण, आणि कॅल्शियम-लोह तर मागे लागतंच, म्हणजे ते चार तासांचं अंतर सांभाळायला दिवसाचं वेळापत्रकच लिहून फ्रिजवर लावा.

९. सापळे

लवकर बारीक व्हायला डोस स्वतःच वाढवणं. हा मोह नवा नाही, १८९१ मध्ये जॉर्ज मरी या इंग्लिश डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून मंद थायरॉईडची रुग्ण बरी करून दाखवली आणि काही वर्षांतच लोक तोच अर्क बारीक होण्यासाठी घ्यायला लागले. अमेरिकेत लेव्होथायरॉक्सिनच्या माहितीपत्रकात इशारा दिलेला असतो की लठ्ठपणासाठी किंवा वजन घटवायला हे वापरू नका. जास्तीच्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतो.

'थायरॉईड सपोर्ट' म्हणून मिळणाऱ्या कॅप्सूल. यातल्या काहींमध्ये प्रत्यक्ष थायरॉईड हार्मोन सापडलंय, लेबलवर त्याचा पत्ता नाही. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांमधून आयोडीन इतकं जातं की हाशिमोटोत ग्रंथी उलट आणखी मंदावते.

टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणं. अहो, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय. सबक्लिनिकलमध्ये, वजन उतरल्यावर, डॉक्टर कधीकधी बंद करून बघतात, पण ते टेस्टच्या तारखा ठरवून.

१०. लगेच कधी जायचं

छातीत दुखणं, ठोके वेडेवाकडे पडणं, दम लागणं. गोळी बरेच दिवस बंद असलेला माणूस अंग गार पडून गुंगीत जात असेल, बोलणं अडखळत असेल तर सरळ इमर्जन्सीत, आणि तिथे पहिल्या वाक्यात 'थायरॉईडची गोळी बंद होती' हे सांगा. गळ्यातली गाठ भराभर वाढतेय, आवाज बसलाय तो सुटत नाही, गिळताना अडकतंय, तर त्याच आठवड्यात दाखवा, वजनाचं पुढे बघू.